आक्काला आणायची जीप

जीप पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्यात कोंबडी बसलेली होती. ड्रायव्हरच्या सीटवर, ऐटीत, अंड्यांवर. कामरेजच्या पुढे उसाच्या मळ्यात एका गुजराती काकांची पाण्याची मोटर बिघडली होती. ती बघायला माझा दोस्त निघाला, आणि सुट्टीचा दिवस म्हणून मीही त्याच्या फटफटीवर मागे बसलो. आम्ही दोघं सुरतेत एकाच लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, फिटर. रोज यंत्रांच्या खडखडाटात कान फोडून घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी परत कुणाचं तरी यंत्र उघडून बसायचं, ही आमची खोड. मोटर त्याने बघितली. मी चिकूच्या झाडाखाली त्या जीपपाशी उभा राहिलो तो तिथेच उभा राहिलो.

दशा काय सांगावी. टपाच्या जागी नुसत्या गंजक्या सळया, बोनेटमधून कारल्याचा वेल वर आलेला, टायर निम्मे मातीत. पण मी वाकून खाली बघितलं आणि मागच्या चाकांच्या मध्ये असतो तसाच जाडजूड लोखंडी गोळा पुढच्या चाकांच्या मध्येही दिसला. सीटजवळ एकाच्या ठिकाणी तीन दांडे होते. काका म्हणाले, हिची चारही चाकं ओढतात. भर पावसात जिथे बैल पोटापर्यंत रुतायचे त्या चिखलातून ही ऊस घेऊन बाहेर यायची. मग घरात ट्रॅक्टर आला आणि ही झाडाखाली गेली. मी मान हलवत होतो, पण माझं डोकं कामरेजात नव्हतंच. ते पार शहाद्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका नदीच्या वाळूत जाऊन पोचलं होतं.

त्या नदीपल्याड माझी आक्का राहते. माझी थोरली बहीण. माय रोजाने शेतात जायची तेव्हा मला कमरेवर घेऊन आक्काच गावभर हिंडायची. मी चांगला पळायला लागलो तरी उतरायचो नाही, इतका लाडावलेला. आता तीच कंबर गेली. माळ्यावरून ज्वारीचं पोतं काढताना आक्का शिडीवरून पडली, ऑपरेशन झालं, पण हाड काही नीट बसलं नाही. तेव्हापासून ती घरात बसत बसत सरकते, आणि फार झालं तर दोन काठ्यांवर ओट्यापर्यंत येते. आणि इकडे सुरतेत, नवागामला, माझ्याकडे माय. तिचे गुडघे गेलेले, छातीचं दुखणं, प्रवास करायचा नाही असं डॉक्टरने बजावलेलं. आक्का पडली तेव्हापासून मायलेकी एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या. मी मोबाईलवर चेहरा दाखवायचो तर माय मोबाईल दूर सारायची. म्हणायची, “मोबाईलमा माणूस दिसस, त्यानं काय पोट भरस का?”

आमच्या खान्देशात आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. अक्षय्य तृतीया म्हणतात ना, ती आमची आखाजी. झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आमरस होतो, आणि सासुरवाशिणी पोरींसारख्या भांडतात आणि हसतात. पण लेकीने आपलं आपण यायचं नसतं. माहेरचा माणूस तिला न्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी नाही आला की लेक उंबऱ्यात बसून राहते आणि शेजारणी बघतात. चुलते गेले, भाऊबंद पांगले, आक्काचा मुऱ्हाळी आता मी एकटा. आणि मी जात नव्हतो. आखाजी जवळ आली की माय रोज विचारायची, आक्काला आणायला कोण गेलं. मी काहीतरी थाप मारायचो.

कारण ती नदी. तिच्यावरचा पूल पुरात गेला, तो गेलाच. उन्हाळ्यात पाणी नसतं, पण अख्खं पात्र मऊ वाळू आणि मोठाले धोंडे. एसटी अलीकडेच थांबते. मी एकदा भाड्याची गाडी घेऊन गेलो होतो, तर ड्रायव्हर काठावर उतरला, वाळूत पाय घालून बघितला आणि सरळ गाडीत जाऊन झोपला. मोटरसायकली जातात, पण आक्का मोटरसायकलवर बसणार कशी? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला ऑपरेशनहून घरी आणलं होतं. ते हाल आठवले की ती आजही डोळे मिटून घेते. मग मी म्हटलं, चार माणसं लावू, खुर्चीत बसवू, खांद्यावर पलीकडे नेऊ. तर आक्का हसली. हसून म्हणाली, “खांद्यावर माणूस एकदाच जातं भाऊ, अन् ते माहेरले जात नही.” 

तर त्या कोंबडीला काकांनी उठवलं आणि जीप माझी झाली. भंगाराच्या भावात दिली त्यांनी. कशाला हवी हे मी मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं तेव्हा त्यांनी वर एक जॅकही दिला. डिंडोलीच्या मागे दोस्ताच्या भावाचं पत्र्याचं शेड होतं, तिथे ती ओढून आणली. बायको बघायला आली, जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, सवत आणायचीच होती तर जरा धडकी तरी आणायची. शेडमधली सगळी हसली. मला राग आला, पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण पैसे तिच्याच भिशीतून आलेले.

पाळी सुटली की आम्ही शेडमध्ये. पहिल्यांदा इंजिनाचं हेड उघडलं तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाहेरून सगळं गंज, चिखल, उंदरांची बिळं. नट सुटेनात, छिन्नी लावून फोडावे लागले. आणि झाकण वर उचललं तर आत सिलिंडरच्या भिंती लखलखीत. इतकी वर्षं पावसात पडलेली, वेल पोटातून उगवलेला, आणि आतून ती तशीच्या तशी तयार बसलेली. मी बोट लावलं आणि अंगावर काटाच आला. माझं अख्खं आयुष्य यंत्रांत गेलं. लूमला मी शिव्या घालतो, लाथही घालतो. पण त्या दिवशी मी हात धुऊन आलो आणि मग परत बोट लावलं.

दुसरं नवल त्या दांड्यांचं. गाडी जॅकवर चढवून आम्ही मधला डबा साफ केला, त्यात गिअरचे दात बसवले, आणि दोस्त म्हणाला, ढकल. मी सीटजवळचा छोटा दांडा पुढे ढकलला. खटकन आवाज झाला. त्याने मागचा शाफ्ट हाताने फिरवला तर पुढचं चाक फिरलं. साधी गोष्ट आहे, मला माहीत आहे. आतले दात जुळतात आणि फिरतं. तरी आम्ही दोन बाप्ये तिथे बसून कितीतरी वेळ तो दांडा मागेपुढे करत होतो. चाक फिरायचं, थांबायचं, परत फिरायचं. बायको डबा घेऊन आली आणि आम्हाला वेड लागलंय का बघत दारात उभी राहिली. मग तिनेही एकदा ढकलून बघितला. म्हणाली, बाई गं.

नवीन सामान घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लूमच्या जगात जे मिळेल ते जीपमध्ये गेलं. बुश आमच्या ओळखीच्या खरादवाल्याने जुन्या शाफ्टातून लेथवर उतरवून दिले. रंग लूमला मारतात तोच हिरवट, खात्यात उरलेला, शेठला विचारून आणलेला. टप बायकोने जाड ताडपत्रीचं शिवलं, आणि त्यात आरपार दिसेल अशी खिडकी ठेवली, आक्काला बाहेर बघता यावं म्हणून. मागच्या दोन बाकड्यांपैकी एक काढून तिथे लांबरुंद गादी केली. सुरतेत चिंध्यांना काय तोटा? साड्यांच्या कापलेल्या काठांनी ती गादी गच्च भरली. इंजिन चालू झालं त्या दिवशी शेडमध्ये इतका धूर झाला की शेजारचे आग लागली म्हणून पळत आले, आणि मी धुरात उभा राहून ढसाढसा रडलो. धुरामुळे, असं सगळ्यांना सांगितलं.

आणि मग आम्ही माती खाल्ली. ती फक्त लूमचा माणूसच खाऊ शकतो.

आमच्या धंद्यात तेलाचा डाग म्हणजे पाप. यंत्राला तेल तर लागतं, पण कापडावर थेंब पडला की अख्खा तागा वाया, आणि फिटरचा उद्धार. म्हणून आम्ही तेल देतो ते काडीने दिल्यासारखं, आणि दिलं की लगेच फडक्याने पुसून काढतो. हाताला सवयच पडलेली. जीपच्या पुढच्या चाकांमागे एक पोकळ लोखंडी गोळा असतो. चाक वळतही राहतं आणि ओढतही राहतं, ते ज्या सांध्यामुळे, तो सांधा त्या गोळ्याच्या आत. कडेने ग्रीस गळताना दिसलं तेव्हा आमच्या जिवाला चैन पडेना. आम्ही आतलं ग्रीस काढलं, नुसतं बोटाने सारवल्यासारखं लावलं आणि बाहेरून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड पट्टा आवळून टाकला. मग आपलं काम बघायला जीपखाली पांढरं कोरं कापड अंथरलं. सकाळी बघितलं तर कापडावर एक ठिपका नाही. दोस्ताने ते कापड शेजाऱ्यापाजाऱ्यांना फिरून दाखवलं.

आखाजी तोंडावर आलेली. एकदा लांबवर चालवून बघू म्हणून कडोदऱ्याकडे निघालो. हायवेला लागलो तसा पुढून बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. आम्हाला खडखडाटाची सवय, आम्ही दुर्लक्ष केलं. कडोदऱ्याच्या अलीकडे स्टिअरिंग जड झालं आणि डाव्या चाकातून जळका वास आला. हात लावला तर भाजला. ट्रकची कामं करणारा एक म्हातारा मिस्त्री जवळच होता. त्याने गोळा उघडला, आत बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट माझ्या नाकासमोर धरलं. सांध्यातले लोखंडी काटे तापून निळे पडलेले, बेअरिंगचा चुरा झालेला. मी अभिमानाने सांगायला गेलो की आमच्या गाडीतून एक थेंब गळत नाही.  तो म्हणाला, ह्या जातीची गाडी गळते तोवर जिवंत. गळायची थांबली की समजायचं आतलं संपलं.

मी फुटपाथवर बसलो. तसला सांधा दुकानात मिळत नाही, आणि मिळाला तरी माझ्या खिशाला झेपत नाही. पुढची चाकं मेली तर ती जीप म्हणजे नुसता टेम्पो. नदीत घातली की वाळूत बसणार. माय सकाळीच विचारून झालेली होती, आणि या वेळी मी थाप न मारता सांगितलं होतं की मी स्वतः जातो. आक्कालाही फोन करून बसलो होतो. तिने म्हणे ओटा सारवून घेतला, आणि जाऊबाईंना सांगून टाकलं की माझा मुऱ्हाळी येतोय. मला त्या फुटपाथवर सगळ्यांचा राग आला, मिस्त्रीचा, दोस्ताचा, त्या पांढऱ्या कापडाचा. पण चूक माझ्याच हाताची होती. ते काळे हात मी मांडीवर ठेवून बघत बसलो.

गाडी कुठून घेतली ते विचारून मिस्त्रीनेच मग मार्ग सांगितला. कामरेजच्या काकांकडे जुन्या गाडीचे अवयव पडलेले असणार, उसाच्या शेतकऱ्यांची तीच रीत, काही फेकत नाहीत. दोस्त फटफटी घेऊन गेला आणि गोठ्याच्या कोपऱ्यातून, शेणाच्या ढिगाआडून, अख्खा सांधा घेऊन परत आला. गंजलेला, पण काटे शाबूत. या वेळी मी गोळा ग्रीसने काठोकाठ भरला. माझा हात सारखा फडक्याकडे जात होता आणि दोस्त सारखा तो हात बाजूला करत होता. निघायच्या सकाळी जीपखाली चांगला ताटाएवढा काळा डाग पडला होता. बायकोने त्याच्याशेजारी नारळ फोडला.

नदीवर दुपारी पोचलो. काठावर उतरलो आणि मीही वाळूत पाय घालून बघितला. पांढरी वाळू, मध्ये म्हशींएवढे धोंडे, आणि पलीकडे झाडांत आक्काचं घर. दोस्त म्हणाला, देवाचं नाव घे. मी छोटा दांडा पुढे ढकलला, मग दुसरा. खटकन. क्लच सोडला आणि जीप चालायला लागली. धावत नव्हती, चालत होती. वाळूने मागची चाकं ओढून घेतली की पुढची हात धरल्यासारखी तिला बाहेर काढत होती. धोंड्यावर एक चाक चढलं, दुसरं खाली लोंबलं, आणि तरी ती थांबली नाही. मी पाय कुठेच दाबत नव्हतो. नुसतं स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि माझ्याच हातांनी बसवलेल्या दातांवर माझा विश्वास बसत नव्हता. त्या पलीकडच्या काठावर सगळं गाव उभं होतं. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, कधी फार बोलत नाहीत. ते पुढे आले, आणि बोनेटवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी निघताना जीप मागे घेऊन ओट्याला टेकवली. आक्का हिरवं लुगडं नेसून बसलेली होती. कुणाला हात लावू दिला नाही तिने. ओट्यावरून सरकत सरकत, दोन्ही हातांवर अंगाचा भार घेत, ती आपली आपण गादीवर आली आणि पदर सारखा केला. नदीत उतरलो तसा तिची कंबर दुखेल म्हणून मी जीप अजूनच हळू केली. मागून काही आवाज येईना. मी घाबरून आरशात बघितलं, तर आक्का सळईला धरून झुलत होती आणि पोरीसारखी हसत होती. म्हणाली, झोका बरा बांधलास. मग सगळ्या वाटेने, नंदुरबार गेलं, नवापूर गेलं, घाट गेला, ती ताडपत्रीच्या खिडकीतून बघत राहिली. रस्त्याच्या कडेचे धाबे, कारखाने, टॉवर, सगळ्याचं तिला नवल. आणि मला तिचं.

संध्याकाळी नवागामला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमची खोली वरच्या मजल्यावर आहे. बाहेरून सिमेंटचा उभा, अरुंद जिना. मी नदीचा विचार केला, घाटाचा केला, ग्रीसचा तर इतका केला की स्वप्नात यायचं. रोज ज्याच्यावरून चढतो-उतरतो तो जिना मला आठवलाच नाही. आक्काने ताडपत्रीतून वर बघितलं, पायऱ्या बघितल्या. तिला उचलून नेऊ का हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एवढी दोनशेवर किलोमीटरची यातायात करून बहीण घराखाली आणली आणि घर चढवता येईना. माझे डोळे भरून आले आणि मी सगळ्यांकडे पाठ केली.

तेवढ्यात वर कुणीतरी ओरडलं. बघतो तर दारात माय. खाट न सोडणारी माय. सगळ्यात वरच्या पायरीवर ती बसली, दोन्ही हात टेकले आणि खालच्या पायरीवर आली. मग परत हात टेकले. माझी बायको धरायला गेली तर तिला अशी शिवी दिली की गल्लीतली सगळी पोरं गप्प झाली. मी वर धावलो, मलाही हाकललं. मध्ये मध्ये थांबायची, छातीवर हात ठेवायची, धाप खाली बसली की पुढची पायरी.  मी नदीत त्या जीपला बघून थक्क झालो होतो ना, ते काहीच नव्हतं.

मी धावत जाऊन जीपमध्ये बसलो. गल्लीत रिक्षा कशीबशी शिरते. दोस्ताने दोन्ही आरसे मिटले, लोकांनी सायकली, माठ, खाटा उचलल्या, आणि मी सगळ्यात हळू गिअर टाकून जीप उलटी आत घेतली. दोन्हीकडे वीतभर जागा. मागची फळी पाडली ती बरोबर जिन्याच्या खालच्या पायऱ्यांना टेकली. माय तिच्यावर आली आणि आक्कासारखीच हातांवर भार घेत गादीवर सरकली. दोघी एकमेकींना बघत राहिल्या. मग मायने आक्काचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या केसांतून हात फिरवायला लागली. रडली कोणीच नाही. बायकोने वरून सांजोऱ्यांचं ताट आणलं, पाण्याचा तांब्या आणला, भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारणी येऊन फळीपाशी बसल्या.

मलाही त्यांच्यात बसायचं होतं. मी पुढून उतरलो, मागे आलो आणि फळीवर पाय ठेवला. मायने मान वर केली, माझ्या पायांकडे बघितलं.

“चपला भायेर काढ,” ती म्हणाली, “मंग घरमा ये.”

मी चपला काढल्या.